सायनसचं ऑपरेशन आणि अण्णांचा गाल

आमच्या भागात एक वाक्य ठरलेलं आहे. पानटपरीवर ऐका, लग्नाच्या पंगतीत ऐका, नाहीतर एसटीत शेजारी बसलेल्याकडून ऐका. "सायनसचं ऑपरेशन? नको रे बाबा. करून उपयोग नाही, परत होतोच."

मागच्या आठवड्यात हेच वाक्य मला मेसेजमधून आलं. पाठवणारे आपले जुने वाचक आहेत, शेजारच्या गावचे. त्यांची मुलगी कॉलेजात आहे. दोन वर्षं झाली, नाक बंद, वास येत नाही, रात्री तोंड उघडं ठेवून झोपते. तालुक्याच्या डॉक्टरांनी "नाकात मास वाढलंय" असं सांगितलं. औषधं, स्प्रे सगळं झालं. मग जिल्ह्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्कॅन काढला आणि दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं. आणि तिथं घरातल्या आजोबांनी मोडता घातला.

आजोबा माझ्या वडलांबरोबर कारखान्यात एकाच पाळीत होते. ते म्हणाले, "अण्णांचं काय झालं ते त्यांच्या पोराला विचारा आधी." म्हणून मेसेज मला.

मी डॉक्टर नाही. नगरपालिकेच्या सभा आणि बाजारभाव लिहिणारा माणूस आहे. पण अण्णांचं काय झालं हे मला माहिती आहे, आणि तसं का झालं हे मी नंतर बरीच वर्षं शोधत राहिलो. तर आजोबा, हे उत्तर तुम्हाला. बाकीच्यांनीही वाचा, कारण "परत होतोच" हे वाक्य खोटं नाही. ते जुनं आहे.

अण्णा बॉयलरवर होते. सीझन सुरू झाला की बगॅसची धूळ, धूर आणि रात्रपाळी. सर्दी कायमची. गाल ठणकायचा, खाली वाकलं की डोकं जड व्हायचं, घशात घाण वास येणारा कफ उतरायचा. वाफ, ओवा, निलगिरी सगळं करून झालं. १९८८ साली, मी चौथीत असताना, जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं ऑपरेशन झालं.

घरी आले तेव्हा चेहरा एका बाजूनं फुगलेला. वरच्या ओठाच्या आत टाके. आठ दिवस पेज आणि ताक. सूज उतरली, पण उजवा गाल, नाकाची कड आणि वरच्या ओठाचा अर्धा भाग बधिर झाला तो झालाच. दाढी करताना कापलं तर त्यांना कळायचं नाही. रक्त बनियनवर ठिबकायचं आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, कापलंय." दोन वर्षांत सर्दी परत आली. अण्णा हसून सांगायचे, "चिरफाड करून घेतली, पण भाडेकरू काय घर सोडंना."

ते गेल्यावर ट्रंकेत जुने कागद सापडले. त्यात तो केसपेपर होता. ऑपरेशनचं नाव लिहिलं होतं: कॉल्डवेल-ल्यूक. मी आधी एकाच माणसाचं नाव समजलो होतो. निघाले दोघे, एक न्यूयॉर्कचा आणि एक पॅरिसचा. तिथून मी मागं मागं जात राहिलो.

आधी सायनस म्हणजे काय ते एका ओळीत. आपल्या चेहऱ्याच्या हाडात हवेच्या पोकळ खोल्या असतात. गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि अगदी मागं मेंदूच्या तळाशी. प्रत्येक खोलीचं दार नाकात उघडतं. दार बारीक असतं. सर्दीनं ते सुजून बंद झालं की आत चिकट पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात, पू होतो. हे १२ आठवड्यांपेक्षा जास्त चाललं की डॉक्टर त्याला जुनाट सायनस म्हणतात.

आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग मोजलेले आहेत. प्रतिश्याय, पीनस हे शब्द तिथले. नाकात वाढणाऱ्या मासाला तिथं नासार्श म्हटलंय. म्हणजे त्या मुलीच्या नाकात जे आहे, ते आपल्या जुन्या वैद्यांनीही बघितलेलं होतं. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेत तर हे मास काढायला दोऱ्याला बांधलेला स्पंज नाकातून घालून घशाकडून ओढून काढायचे. वाचूनच डोळ्यात पाणी येतं.

पण नाकात दिसतं ते मास वेगळं आणि हाडातली न दिसणारी खोली वेगळी. लिओनार्दो दा विंचीनं १४८९ मध्ये कवटी कापून गालातल्या या पोकळीची चित्रं काढली होती, पण ती त्याच्या वह्यांतच राहिली. वैद्यकात ही पोकळी नीट नोंदवली ती नॅथॅनियल हायमोर या इंग्लंडमधल्या डॉक्टरनं, १६५१ साली. इकडे शिवाजी महाराज एकविशीत होते तेव्हाची गोष्ट.

हायमोरनं एका बाईची हकीकत लिहून ठेवलीय. तिचा वरचा सुळा काढला आणि त्या भोकातून सतत पाणी गळायला लागलं. बाईनं काय करावं? भोक किती खोल आहे बघायला एक पीस, त्याचे केस काढून, आत सरकवलं. ते आत जातच राहिलं. बाई घाबरली, तिला वाटलं मेंदूपर्यंत पोचलं. खरं तर पीस गालातल्या पोकळीत गोल वळत होतं. हायमोरनं तिला समजावलं की इथं प्रत्येकाला अशी खोली असते.

पुढची दोनेकशे वर्षं इलाज याच वाटेनं गेला. दात काढायचा, मुळाच्या भोकातून वर छिद्र पाडायचं आणि पू खाली सोडायचा. विचार साधा. खोलीत पाणी साठलंय, तर तळाला भोक पाडा. आपण गच्चीवर साठलेल्या पाण्याला करतो तेच.

आता अण्णांच्या केसपेपरवरचे दोघे. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलनं १८९३ मध्ये ऑपरेशनची नवी पद्धत छापली. टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला तेच साल. चार वर्षांनी, १८९७ मध्ये, पॅरिसच्या हेन्री ल्यूकनं, कॉल्डवेलची माहिती नसताना, जवळजवळ तेच मांडलं. वरचा ओठ उचलायचा, हिरडीच्या वर चीर द्यायची, गालाच्या हाडाला खिडकी पाडायची, आतलं रोगट अस्तर सगळं खरवडून काढायचं आणि पोकळीतून नाकात, खालच्या बाजूला, एक नवं मोठं भोक ठेवायचं. पाणी उताराने वाहून जाईल.

त्या खिडकीच्या अगदी वर, डोळ्याच्या खोबणीखाली, गालाला आणि ओठाला जाणीव देणारी नस हाडातून बाहेर पडते. ती ताणली गेली, दुखावली, की गाल बधिर. अण्णांच्या दाढीचं कारण एवढंच.

कॉल्डवेल आणि ल्यूक यांना नावं ठेवायची नाहीत मला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. पू डोळ्यात किंवा मेंदूकडे गेला की माणूस जायचा. त्यांच्या ऑपरेशननं कित्येक जण वाचले, आणि आजही काही मोजक्या वेळी डॉक्टर तीच वाट धरतात. पण जवळजवळ ९० वर्षं जुनाट सायनस म्हटलं की हेच ऑपरेशन होत राहिलं, आणि कित्येकांना बरं वाटून पुन्हा तेच व्हायचं. का, ते कळत नव्हतं.

दुसरी अडचण दिसण्याची होती. डोळ्यांच्या मधल्या खोल्या तर आणखी अवघड. तिथं डोळा आणि नाक यांच्यामध्ये जे हाड असतं, त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच कागदाचं पान असा आहे, इतकं ते पातळ. आणि वर लगेच मेंदूचा तळ. डॉक्टर कपाळाला दिवा लावून, नाकपुडीतून दिसेल तेवढ्यावर, बाकी हाताच्या अंदाजानं काम करायचे. बॉस्टनचे हॅरिस मोशर हे या ऑपरेशनमधले मोठे नाव. नाकातून या खोल्या साफ करायची पद्धत त्यांनीच १९१२ मध्ये मांडली होती. त्यांनीच १९२९ मध्ये कबूल केलं की रुग्णाला मारण्याच्या सोप्या मार्गांपैकी हा एक ठरलाय, अशा अर्थाचं. स्वतःच्या कामाबद्दल असं बोलायला धाडस लागतं.

आता मुख्य गोष्ट.

सायनसच्या आतल्या अस्तराला सूक्ष्म लव असते. डोळ्यांना न दिसणारी. ही लव सतत हलत असते आणि वरचा चिकट थर पुढं पुढं ढकलते. श्रमदानात आपण रांग लावून घमेली हातोहात पुढं देतो, अगदी तसं. निरोगी माणसाच्या गालातल्या सायनसमधला थर साधारण अर्ध्या तासात बदलून निघतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

प्रश्न असा, की ही रांग घमेली कुठं नेते? अमेरिकेतल्या अँडरसन हिल्डिंग यांनी १९३०-४० च्या काळात सशांवर प्रयोग करून दाखवलं होतं की या वाटा ठरलेल्या असतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातले डॉक्टर वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी १९५० नंतर हाच धागा माणसात धरला. मृत्यूनंतरही काही तास ही लव हलत राहते, त्यामुळे नुकत्याच मृत झालेल्या माणसांच्या सायनसमध्ये त्यांना या वाटा बघता आल्या.

त्यांना दिसलं ते असं. गालातल्या खोलीचं मूळ दार तळाला नाहीच. ते वर आहे, छताजवळ. आणि लव सगळा थर तळापासून भिंतीवरून वर चढवत त्याच दाराशी नेते. उताराच्या उलट! तुम्ही तळाला कितीही मोठं नवं भोक पाडा, रांग तिकडं वळत नाही. घमेली त्या भोकाच्या बाजूनं जातात आणि जुन्याच दाराशी पोचतात. ते दार बंद असेल तर माल तिथंच तुंबतो.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या प्रभागात नगरपालिकेनं दोन वेळा नवं गटार बांधलं आणि पाणी मात्र जुन्याच नाल्याला जाऊन तुंबलं, त्याची बातमी मीच केली होती. कंत्राटदारानं पाणी कुठं जातं हे बघितलंच नव्हतं. अण्णांच्या गालात नवं भोक होतं. मूळ दाराला कुणी हात लावला नव्हता. आणि वर लवेचं सगळं अस्तर खरवडून काढलेलं. त्या जागी नंतर येणाऱ्या अस्तराची लव बहुतेकदा पहिल्यासारखी काम करत नाही. म्हणजे दार बंद आणि रांगेतली माणसंही गेली.

मेसरक्लिंगर यांचा निष्कर्ष उलटा होता. मोठ्या खोल्यांना हात लावू नका. रोगाचं मूळ बहुतेकदा दाराशी, नाकातल्या मधल्या पडद्याआड, काही मिलिमीटरच्या बोळात असतं. कपाळाचं, गालाचं आणि डोळ्यांमधल्या पुढच्या खोल्यांचं पाणी त्याच बोळातून येतं. बोळ मोकळा करा, अस्तर राहू द्या. बऱ्याचदा खोली आपली आपण बरी होते.

पण एवढ्या आत बघायचं कसं? ते शक्य झालं हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञामुळे. आधीच्या दुर्बिणीत लांब नळीत छोटी छोटी भिंगं आणि मध्ये हवा असायची, चित्र अंधुक. हॉपकिन्सनी ते उलटं केलं. नळीत काचेच्या कांड्या भरल्या आणि मधल्या हवेच्या फटींनाच भिंगाचं काम दिलं. १९५९ मध्ये पेटंट घेतलं. ब्रिटनमध्ये कुणी फारसं विचारलं नाही, मग जर्मनीतल्या कार्ल स्टोर्झ यांनी १९६० च्या दशकात ती बनवायला घेतली. चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण, लख्ख चित्र, आणि तिरकं बघण्याची सोय.

यात एक आपला माणूसही आहे. पंजाबात मोगा इथं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला हॉपकिन्स यांच्याकडेच पीएचडी करत होते. १९५४ मध्ये दोघांनी मिळून काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. आजही ऑपरेशनच्या टेबलावर दुर्बिणीपर्यंत उजेड येतो तो काचतंतूंच्या वायरीतूनच. भारत सरकारनं कपानींना २०२१ मध्ये पद्मविभूषण दिला, मरणोत्तर. घराघरात फायबरचं इंटरनेट आलं, तरी हे नाव आपल्याकडं कितीजणांना माहिती आहे?

तिसरी गोष्ट सीटी स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता चाकू लावण्याआधीच नकाशा हातात. कुणाचं कागदी हाड किती पातळ, कुणाचा मेंदूचा तळ किती खाली, सगळं दिसायला लागलं.

मेसरक्लिंगर यांचं पुस्तक १९७८ मध्ये इंग्रजीत आलं. त्यांचे शिष्य हाइन्झ स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे डेव्हिड केनेडी यांनी ही पद्धत जगभर शिकवली. केनेडींनी १९८५ मध्ये तिला जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो, काम परत सुरू करून देणारी शस्त्रक्रिया. आपल्याकडं डॉक्टर 'फेस' म्हणतात, लोक 'दुर्बिणीतून' म्हणतात.

साल बघा. १९८५. अण्णांचं ऑपरेशन १९८८ चं. जगात वाट बदलून तीन वर्षं झाली होती, पण बाल्टिमोरहून आमच्या जिल्ह्याला यायला तिला आणखी काही वर्षं लागली. त्या डॉक्टरांनी काही चुकीचं केलं नाही. त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी मन लावून केलं. ज्ञान सगळीकडं एकाच दिवशी पोचत नाही, एवढंच.

आता कुणी म्हणेल, म्हणजे नवं ऑपरेशन केलं की सायनस मुळापासून गेला? नाही. तसा बोर्ड कुणी लावला असेल तर तिथून चार पावलं मागं या.

एक म्हणजे, डोकं दुखतं म्हणून सायनस, हे समीकरणच बरेचदा चुकतं. २००४ मध्ये अमेरिकेत २,९९१ लोकांचा अभ्यास छापला गेला. हे सगळे स्वतःला किंवा डॉक्टरांनी सायनसची डोकेदुखी म्हटलेले. त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारातलं निघालं. त्यांना चाकू लावून काय होणार?

दुसरं, "नाकाचं हाड वाढलंय" हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. हाड सहसा वाढलेलं नसतं, मधला पडदा वाकडा असतो. तो हजारोंचा वाकडा असतो आणि त्यांना काही त्रास नसतो.

तिसरं, मास वाढायची प्रवृत्ती ऑपरेशननं जात नाही. सूज शरीराच्या स्वभावात असते. मास परत येऊ शकतं, काहींना पुन्हा ऑपरेशन लागतं. दार उघडल्याचा फायदा हा, की मिठाच्या पाण्यानं धुणं आणि स्प्रेचं औषध आतपर्यंत पोचतं. म्हणजे ऑपरेशननंतर औषध थांबत नाही, तेव्हा ते खरं लागू पडायला लागतं. हे न सांगता घरी पाठवलं, की दोन वर्षांनी पेशंट टपरीवर येऊन म्हणतो, "परत होतोच."

आणि धोका शून्य झालेला नाही. डोळा आणि मेंदू अजून तिथंच आहेत. तो क्वचित होतो, पण विचारून घ्यायचा हक्क आपला आहे.

उलट बाजूही सांगतो, कारण ती मी डोळ्यांनी बघितलीय. २०२१ चा मे महिना. कोरोनातून उठलेल्यांना म्युकर व्हायला लागला, लोक काळी बुरशी म्हणायचे. तो आजार वेगळा, जुनाट सायनस नव्हे. पण सुरुवात त्याच खोल्यांत व्हायची. साखर वाढलेली, स्टेरॉइड झालेलं, आणि गाल दुखायला लागला की तासातासाला महत्त्व. अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. राज्य सरकारनं महात्मा फुले योजनेतून मोफत उपचार जाहीर केले. आणि कान-नाक-घसा डॉक्टर याच दुर्बिणीतून मेलेला भाग काढत होते, एकेका पेशंटचं पुन्हा पुन्हा.

माझ्या ओळखीच्या एकाचा गाल दुखत होता. घरचे म्हणाले, त्याला जुना सायनस आहे, ऑपरेशनचं नाव काढू नका, उपयोग नसतो. पाच दिवस वाफ घेतली. जीव वाचला, डोळा गेला. त्या घरात ते वाक्य कुठून आलं असेल? कदाचित आमच्याच घरून. अण्णांचा भाडेकरूचा विनोद सगळ्या कॉलनीला पाठ होता. तोच विनोद मीही कट्ट्यावर दहा वेळा सांगितलाय. म्हणून ही पोस्ट.

तर आजोबा, तुम्ही अण्णांचं जे बघितलं ते खरं आहे. पण नातीला सांगितलंय ते ते ऑपरेशन नाही. तिचा ओठ उचलणार नाहीत, गालाचं हाड फोडणार नाहीत. करायचंच असं मी म्हणत नाही, तो निर्णय डॉक्टरांनी आणि तुम्ही मिळून घ्यायचा. मी फक्त तीन प्रश्न देतो, ते कागदावर लिहून न्या.

१. स्प्रे आणि नाक धुणं पुरेसे आठवडे, रोज, नीट झालंय का, की मध्येच सोडलं?
२. स्कॅनमध्ये नेमकं कुठलं दार बंद आहे? आम्हाला फिल्मवर बोट ठेवून दाखवाल का?
३. ऑपरेशननंतर किती दिवस तपासणीला यायचं, आणि औषध किती काळ चालू राहील?

जो डॉक्टर ही उत्तरं शांतपणे देईल, त्याच्याकडं जा. शंका वाटली तर फिल्म घेऊन दुसऱ्याला दाखवा, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि नाक धुवायचं पाणी उकळून गार केलेलंच घ्या, थेट नळाचं नको.

काल त्या वाचकांचा फोन आला होता. आजोबांना पोस्टचा कच्चा मजकूर वाचून दाखवला म्हणाले. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, "अण्णाचा गाल शेवटपर्यंत बधिरच होता का रे?"

हो आजोबा. शेवटपर्यंत.

ज्यांच्या घरी असं जुनं ऑपरेशन झालंय, त्यांनी साल आणि अनुभव खाली लिहा. चांगला असला तरी लिहा.